दोर, साठ हात

जुन्या जिनिंगच्या मागं आमची एक खोली आहे.
पाटीवर होतं: सुकीकाठ मदत मंडळ.
त्यातलं 'मदत' गेल्या उन्हाळ्यात उडालं.
लोक विचारतात, भजनी आहे का?

आत ट्रकच्या ट्यूबा नऊ, एक पंक्चर.
बॅटऱ्या चौदा. शिट्ट्या.
मीठ-साखरेच्या पुड्या, कारण आमच्याकडे
ऊनही माणूस नेतं.
पाय कापलेली एक बाज, जखमी वाहायला.
आणि अंबाडीचा दोर. साठ हात.

किल्ल्या दोन. एक माझ्याकडे,
एक जुलेखा तडवीकडे,
तिचं घर चढावर, पाणी तिथं शेवटी पोचेल,
हे आम्ही बैठकीत ठरवलं,
अडीच तास भांडून.

दर वैशाखात तालीम.
नदीत तेव्हा नुसती वाळू असते,
आणि वाळूत बुडायला माणूस लागतो.
सोनजी वारके अकरा वर्षं बुडाला.
तापल्या वाळूत उताणा पडून हात मारायचा,
बायका पदर तोंडाला लावून हसायच्या,
पोरं विचारायची, आजोबा, मेले का?
"थांब रे, आधी पोटभर पानी पिऊ दे."

पण कुणी दोर घेऊन जवळ गेलं
की गळ्याला मिठी मारायचा,
खरीखुरी, सुटता येऊ नये अशी.
पोरं चिडायची. तो सोडायचा नाही.
"बुडनारा असाच धरतो.
त्याले तुझं नाव माहीत नसतं.
मागून ये. केसं धर.
अन् त्याले सांग,
मले धरू नको, दोराले धर."

मग शेव-मुरमुरे.
वहीत: तालीम झाली. उपस्थिती सव्वीस.

त्या भादव्यात आमच्याकडे चांदणं होतं.
रात्री पावणेदोनला वरून, पालच्या चहावाल्याचा फोन:
"नदीतले दगड वाजून राह्यले."
एवढंच.
मशिदीचा भोंगा, पाठोपाठ मारुतीचा,
दोन्हींवर जुलेखाने लिहून ठेवलेले चारच शब्द,
झोपेतल्या माणसाला पाचवा ऐकू येत नाही:
उठा. पोरं घ्या. चढावर.

केळी उभ्याच्या उभ्या निघाल्या,
घडांसकट, पानं हलवत,
जणू बागच गाव सोडून चाललेली.
बागेत सालदारांच्या तीन झोपड्या राहिल्या होत्या.
निंबा भंगाळेचा पोरगा,
तालमीत सगळ्यांत जास्त चिडलेला तो,
दोर कमरेला बांधून उतरला.
या टोकाला मी होतो, कडुनिंबाला पाय देऊन.
काही दिसत नव्हतं. शिट्टीही नाही.
मग पाण्याच्या आवाजावरून एक आवाज आला,
अठरा वर्षांच्या गळ्यातून सत्तरीचा:
मले धरू नको, दोराले धर!

पाच जण आले.
एक शेळी, ती आपली आपणच आली.
वहीत सहावं नाव आहे,
ते मी इथं लिहीत नाही.

सकाळी चढावरच्या शाळेत
सात गावांच्या कळण्याच्या भाकरी उतरल्या,
फडक्यात बांधलेल्या, आत ठेच्याचा गोळा.
सोनजी वारके फळ्याखाली बसला होता,
कोरडा ठणठणीत.
भाकरी मोडताना त्याचे हात थरथरत होते.
भंगाळेचा पोरगा शेजारी येऊन बसला,
गळ्यावर नखांचे ओरखडे.
म्हातारा ते बराच वेळ बघत राहिला,
मग त्याने आपल्या भाकरीतली अर्धी त्याच्या हातावर ठेवली.

आता आश्विनाचं ऊन आहे.
दोर जिनिंगच्या कुंपणावर वाळत टाकलाय.
एका जागी पीळ सुटलेत.
मोजला, अठ्ठावन्न हात भरला.
दोन हात भिजून आटले
की कुणाच्या मुठीत गेले, सांगता येत नाही.
वहीत लिहिलं: नवीन दोर घेणे, ऐंशी हात.
आणि खाली, जुलेखाच्या अक्षरात:
पाटी रंगवून घ्या आधी.